कामगारांचं आरोग्य आणि प्रगती : कारखान्याने सुरुवात कुठून करावी?

एका कारखान्यात मला 'आरोग्य सप्ताह' भरवायला बोलावलं होतं. रक्तदाब तपासणी, डोळ्यांची तपासणी, व्यायामाचं सत्र, भित्तिपत्रकं, शेवटच्या दिवशी बक्षिसं. तिसऱ्या दिवशी प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागातला, एक ऑपरेटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हे सगळं चांगलं आहे. पण माझी ती पेटी फूटभर वर घेता येईल का?" पत्र्याचे तुकडे ज्या पेटीतून उचलायचे ती थेट जमिनीवर ठेवलेली होती. एका पाळीत तो माणूस शेकडो वेळा कमरेतून वाकत होता आणि गेली चार वर्षं वाकत होता. वेल्डिंग विभागाने भंगारातल्या अँगलचा स्टँड अर्ध्या दिवसात करून दिला.

त्या दिवसापासून मी कामगार कल्याणाकडे वेगळ्या नजरेने बघते. माणूस जागेपणीचे निम्मे तास जिथे काढतो तिथली पेटी, पाळी, सुपरवायझर आणि पगाराची पावती, यांतच त्याची तब्येत घडते किंवा बिघडते. त्याची प्रगतीही तिथेच होते किंवा खुंटते. म्हणून या लेखात कार्यक्रमांची यादी नाही. कामाची रचना कशी बदलायची आणि कोणत्या क्रमाने, हे सांगते आहे. कारखान्याचे मालक, प्लांट हेड, एचआर आणि युनियनचे प्रतिनिधी या सगळ्यांना याचा उपयोग व्हावा. कारखाना पन्नास माणसांचा असो वा पाच हजारांचा, क्रम तोच राहतो.

पायरी १ : शॉप फ्लोअरवर जा आणि विचारा

बहुतेक ठिकाणी सुरुवात छापील प्रश्नावलीने होते. 'तुम्ही कामावर समाधानी आहात का?' या प्रश्नाला माणूस नोकरीला धोका होणार नाही असंच उत्तर लिहितो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. प्रश्नावली नंतर काढा. आधी दोन आठवडे सगळ्या पाळ्यांमध्ये फिरा. रात्री तीन वाजता एकदा तरी जाच. दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा दिसतात: प्रथमोपचाराच्या खोलीला कुलूप, कॅन्टीन बंद, पार्किंगकडे जाणाऱ्या वाटेवर अंधार, आणि तीन विभागांसाठी मिळून एकच सुपरवायझर.

प्रश्न कामाबद्दलचे विचारा. पाळी संपल्यावर काय दुखतं? आज कुठे खोळंबा झाला? कोणतं मशीन नव्या माणसाच्या हातात द्यायला तुम्हाला भीती वाटते? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. अनुभवी माणूस स्वतःबद्दल तक्रार करत नाही, पण नव्या पोराची काळजी वाटली की मोकळेपणाने बोलतो.

यासोबत बॉडी मॅपिंग करा. कागदावर माणसाच्या शरीराची पुढची आणि मागची आकृती काढा, विभागात टांगा, आणि प्रत्येकाला दुखणाऱ्या जागी ठिपका द्यायला सांगा. नाव लिहायचं नाही. त्या वेळी तिथे सुपरवायझर नको. ठिपके एका खांद्यावर किंवा एकाच मनगटावर दाटले की प्रश्न माणसांचा नसून त्या मशीनच्या उंचीचा, हत्यारांचा किंवा कामाच्या वेगाचा आहे, हे अर्ध्या तासात कळतं. अनेक देशांतल्या कामगार संघटना ही पद्धत वापरत आल्या आहेत. खर्च कागदाचा आणि रंगीत पेनांचा. पहिला कागद जपून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग रजिस्टरं उघडा. प्रथमोपचाराच्या वहीत 'बोट कापलं, पट्टी बांधली' अशा ओळी एकाच मशीनच्या नावावर पुन्हा पुन्हा आल्या असतील तर पुढचा अपघात कुठे होणार हे तिथे लिहिलेलंच आहे. ओव्हरटाइम बघताना विभागाची सरासरी पाहू नका, माणसागणिक तास बघा. सरासरी आठवड्याला चार तास दिसते आणि त्यात एक फिटर पंचवीस तास भरत असतो. नोकरी सोडणारे किती दिवसांत सोडतात तेही पाहा. पहिल्या तीन महिन्यांत माणसं जात असतील तर शिकवण्यात आणि वागणुकीत खोट आहे. तीन-चार वर्षांनी जात असतील तर त्यांना पुढची वाट दिसत नाही.

कंत्राटी कामगारांना या सगळ्यात धरा. साफसफाई, माल चढवणं-उतरवणं, टाक्यांच्या आत उतरणं ही सर्वांत धोक्याची कामं बहुधा त्यांच्याकडेच असतात, आणि कागदोपत्री ते 'आपले' नसतात. मशीनला हे कळत नाही.

आणि ऐकून झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत काहीतरी दिसेल असं दुरुस्त करा. गळका नळ, मिणमिणता दिवा, बसायला बाक, काहीही चालेल. ऐकलं आणि काहीच हललं नाही, तर पुढच्या वेळी लोक तोंड उघडणार नाहीत.

पायरी २ : धोका मुळाशी कमी करा

सुरक्षेच्या कामात उपायांची एक उतरंड मानली जाते. सगळ्यांत वर धोका काढूनच टाकणं. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणणं. मग यंत्राला झाकणारं गार्ड, धूर-धूळ ओढणारा एक्झॉस्ट, वजन उचलणारा होइस्ट अशी यांत्रिक सोय. त्यानंतर कामाच्या पद्धतीत आणि वेळापत्रकात बदल. पीपीई, म्हणजे हातमोजे, मास्क, इअरप्लग, हे सगळ्यांत शेवटी. प्रत्यक्षात खरेदी उलट्या क्रमाने होते, कारण इअरप्लग आज मागवता येतात आणि कॉम्प्रेसर खोलीबाहेर हलवायला बजेट लागतं. पण इअरप्लगचा भरवसा रोज प्रत्येक माणसावर टाकावा लागतो. कॉम्प्रेसर एकदा हलवला की काम झालं.

उचलण्याचं काम आधी घ्या, कारण कंबर आणि खांदे सगळ्या उद्योगांत दुखतात. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात वजनाची वरची मर्यादा २३ किलो धरली आहे, आणि तीही सगळं मनासारखं असताना: वजन अंगाजवळ, साधारण कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली, अंगाला पिळा न देता आणि अधूनमधून उचलायचं असेल तर. पेटी जमिनीवर गेली, हात लांब झाले, दर मिनिटाला उचलायची वेळ आली की हा आकडा भराभर खाली येतो. त्यामुळे 'पोतं वीसच किलोचं आहे' असं कुणी म्हणालं की विचारा: कुठून उचलायचं, कुठे ठेवायचं, पाळीत किती वेळा? उत्तर बहुतेकदा एखाद्या स्टँडमध्ये, रोलरमध्ये किंवा लिफ्ट टेबलमध्ये सापडतं.

आवाजाचा हिशोब अनेकांना ठाऊक नसतो. नायॉशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मीटर नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलून बघा. आवाज चढवावा लागत असेल तर मोजणी करून घ्यायलाच हवी. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि ती इतकी हळू जाते की आधी घरच्यांना कळतं, मग त्या माणसाला.

उष्णतेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माणसं मरतात आणि ते मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. भट्टी, फाउंड्री, बॉयलर, पत्र्याच्या छताखालची शेड अशा ठिकाणी शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेच्या माहितीनुसार उष्णतेने होणाऱ्या कामगार मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्ण कामाचा २० टक्केच वेळ द्यावा आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावा. मोठ्या रजेवरून परतलेल्या जुन्या माणसाला पहिल्या दिवशी ५०, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. पाणी तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. जोडीदार पद्धत ठेवा, म्हणजे दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं: उष्माघात होत असलेल्या माणसाला स्वतःचं बिनसतंय हे कळत नाही. तो असंबद्ध बोलू लागला की अंगावर पाणी ओतून गार करायला लगेच सुरुवात करायची आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची.

आता पाण्याशी जोडलेली एक गोष्ट, जिच्याबद्दल बैठकांमध्ये कुणी बोलत नाही. स्वच्छतागृह लांब असेल, अस्वच्छ असेल, किंवा जायला परवानगी मागावी लागत असेल तर माणसं पाणी पिणंच कमी करतात. स्त्रिया तर हमखास. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, गरगरणं या तक्रारी दवाखान्याच्या नोंदीत दिसतात, पण त्यांचं मूळ सापडतं संडासाच्या दारावर. तसंच पीपीईचं. एकाच मापाचे हातमोजे आणि बूट मागवले की लहान हाताच्या बाईच्या बोटांपुढे मोज्याचा रिकामा शेंडा लोंबतो, आणि फिरत्या यंत्राजवळ तोच शेंडा अडकतो. खरेदीच्या फॉर्मवर मापांचा रकाना घाला.

पायरी ३ : पाळी आणि थकवा

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या रिफायनरीत स्फोट झाला. १५ माणसं गेली, सुमारे १८० जखमी झाली. चौकशीत अनेक कारणं पुढे आली, त्यांत हेही होतं की काही ऑपरेटर बारा-बारा तासांच्या पाळ्या सलग २९ किंवा त्याहून जास्त दिवस करत होते. अशा माणसाने पॅनेलवरचा आकडा चुकीचा वाचला तर तो दोष फक्त त्याच्या नजरेचा म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो, आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. ओव्हरटाइम मंजूर करताना हे दोन आकडे समोर असावेत.

पाळ्या लावताना काही गोष्टी पाळाव्यात. पाळी पुढे सरकावी: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलटी फिरवली की झोपेचं घड्याळ सावरायला जास्त त्रास होतो. सलग रात्रपाळ्या दोन-तीनच ठेवाव्यात, आणि रात्रपाळी संपल्यावर दिवसपाळीला आणण्याआधी दोन पूर्ण रात्री झोपायला द्याव्यात. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांचं अंतर हवं. युरोपीय संघाच्या कायद्यातही दिवसाला सलग अकरा तास विश्रांती बंधनकारक आहे. घर ते कारखाना प्रवास दीड तासाचा असेल तर अकरा तासही पुरत नाहीत, तेव्हा प्रवास धरून हिशोब करा. वेळापत्रक निदान दोन आठवडे आधी लावा. मुलांची शाळा, आईचा दवाखाना, लग्नकार्य, सगळं माणूस त्या कागदावर ठरवत असतो. आदल्या संध्याकाळी फोन करून पाळी बदलणं हा त्याच्या घरावर घाला आहे.

जो जास्तीत जास्त तास भरतो त्याचं नाव दर सोमवारी प्लांट हेडसमोर यायला हवं. त्याला ताकीद द्यायला नव्हे. त्याच्या जागी दुसरा माणूस तयार का झाला नाही, हे विचारायला. त्या माणसाला पैशांची निकड असेल तर तेही कळेल, आणि मग मूळ पगाराबद्दल बोलावं लागेल. ते बोलणं टाळू नका.

पाळी बदलताना होणाऱ्या निरोपाला पगारी पंधरा मिनिटं द्या. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-फलाटावर १६७ माणसं मृत्युमुखी पडली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी धातूची चकती बसवलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा सुरू केला, वायू गळला आणि स्फोट झाला. येणारा आणि जाणारा माणूस मशीनसमोर एकत्र उभे राहून बोलतील इतका वेळ पाळ्या एकमेकींवर चढलेल्या असाव्यात. वहीतली नोंद हवीच, पण वहीला उलट प्रश्न विचारता येत नाही.

पायरी ४ : सुपरवायझर घडवा

सगळ्या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. कामगाराच्या दृष्टीने कंपनी म्हणजे त्याचा सुपरवायझर. रजा तो देतो, काम तो वाटतो, ओरडतो तो, आणि चांगलं काम झालं ते बघतो किंवा बघत नाही तोही तोच.

हा सुपरवायझर बनतो कसा? सर्वांत चांगल्या ऑपरेटरला एक दिवस वेगळ्या रंगाचं हेल्मेट देतात. माणसांशी कसं बोलावं, भांडण कसं सोडवावं, कामाला नाही कसं म्हणावं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग त्याच्याशी जसं वागलं गेलं तसाच तो वागतो. दोष त्याचा कमी आणि आपला जास्त.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हीच अडचण प्रचंड प्रमाणावर उभी राहिली होती. अनुभवी माणसं सैन्यात गेलेली, कारखान्यांत नवखी माणसं आणि नवखे फोरमन. १९४० ते १९४५ या वर्षांत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाच्या सरकारी उपक्रमाने लाखो सुपरवायझरना थोडक्या तासांची शिकवणी दिली. पुढे हाच अभ्यासक्रम जपानमध्ये रुजला. त्यातल्या माणसं सांभाळण्याच्या भागाचा पाया चार गोष्टींचा होता: प्रत्येकाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगा, श्रेय देण्याजोगं असेल तिथे वेळेवर द्या, ज्या बदलाचा त्याच्यावर परिणाम होणार तो आधी कळवा, आणि त्याच्या अंगच्या गुणांचा पूर्ण उपयोग करा. ऐंशी वर्षं झाली, यात भर घालावी असं फारसं काही मला सापडलेलं नाही.

प्रशिक्षण वर्गात देऊन थांबू नका. सुपरवायझरने खऱ्या प्रसंगावर काम करावं. सतत उशिरा येणारा हेल्पर घ्या. आधी माहिती गोळा करायची, मग विचार करून ठरवायचं, मग करायचं, आणि नंतर परिणाम तपासायचा. माहिती गोळा करतानाच बहुतेक वेळा कळतं की त्याची बस बदलली आहे किंवा घरात कुणी आजारी आहे. आणि सुपरवायझरच्या डोक्यावरचा कागदांचा भार कमी करा. दिवसभर रिपोर्ट भरणारा माणूस माणसांकडे बघणार कधी?

पायरी ५ : बोलण्याची भीती घालवा

बांगलादेशात २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. तडे त्यांनी पाहिले होते. आत जायचं नाही असं म्हणण्याची ताकद त्यांच्याकडे नव्हती.

म्हणून काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला द्या, कंत्राटी हेल्परलाही, आणि तो लेखी द्या. टोयोटाच्या जुळणी लाईनवर कुणीही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून अडचण कळवू शकतो, आणि ती वेळेत सुटली नाही तर लाईन थांबते. तुमच्याकडे पहिल्यांदा कुणी काम थांबवेल तो दिवस कसोटीचा. त्याची शंका चुकीची निघाली तरी सगळ्यांसमोर त्याचे आभार माना. त्या दिवशी त्याच्यावर एक शब्द जरी उलटा गेला, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

थोडक्यात टळलेले अपघात, ज्यांना आपण नियर मिस म्हणतो, ते कळवायला सोपा मार्ग ठेवा: बोलून, फोटो पाठवून, लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून. उत्तर दोन दिवसांत गेलं पाहिजे. 'होणार नाही, कारण असं असं' हेही उत्तरच.

एक घोडचूक अनेक कारखाने चांगल्या हेतूने करतात: 'शून्य अपघात' झाले तर सगळ्या विभागाला बक्षीस. मग बोट चिरलेला माणूस सहकाऱ्यांचं बक्षीस बुडू नये म्हणून रुमाल बांधून काम करतो. बक्षीस द्यायचंच तर कळवलेल्या आणि दुरुस्त केलेल्या धोक्यांना द्या.

छळाच्या तक्रारीची वाट वेगळी ठेवा. ती त्या माणसाच्या सुपरवायझरमार्फत जाता कामा नये, आणि समितीत कारखान्याबाहेरची एखादी जाणकार व्यक्ती असावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसेत आणि छळात कामावर येण्या-जाण्याचा प्रवास आणि मालकाने दिलेली निवासस्थानंही धरली आहेत. तेव्हा कंपनीची बस आणि वसतिगृहही तुमच्या जबाबदारीत येतात.

पायरी ६ : मन आणि पैसा

मानसिक आरोग्य म्हटलं की समुपदेशकाचा नंबर नोटीस बोर्डावर लावला जातो. लावा, पण पगार वेळेवर होतो का ते आधी बघा. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे येणं, पावतीवरची कपात वाचून समजणं आणि अडीनडीला उचल मिळणं, याने जेवढी रात्रीची झोप सुधारते तेवढी भाषणाने नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या मार्गदर्शनातही कामाच्या रचनेतले बदल आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण यांवर भर आहे.

समुपदेशक नेमला तर त्याच्याकडची माहिती एचआरपर्यंत जाणार नाही हे लेखी सांगा आणि पाळा. एकदा जरी बाहेर फुटलं तर त्या खोलीचं दार पुन्हा कुणी उघडणार नाही. व्यसनासाठी स्वतः पुढे येणाऱ्याची नोकरी जाणार नाही असा नियम करा. उपचार घेईपर्यंत त्याला क्रेन किंवा प्रेसपासून दूर ठेवा.

गंभीर अपघातानंतर जखमी माणसाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. त्याच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस मात्र दुसऱ्या दिवशी तिथेच उभा असतो. त्याला विचारा, काही दिवस दुसरीकडे काम द्या. आणि आजारपणातून किंवा अपघातातून परतणाऱ्यासाठी हलक्या कामाची यादी आधीच तयार ठेवा: तपासणी, टूल-क्रिब म्हणजे हत्यारांची खोली सांभाळणं, नव्यांना शिकवणं. माणूस घरी जितका जास्त बसतो तितकं त्याचं परतणं अवघड होत जातं.

पायरी ७ : पुढची पायरी दिसू द्या

इथवर जे लिहिलं ते माणूस शाबूत राहावा म्हणून. पण दहा वर्षं त्याच मशीनवर तेच बटण दाबणारा माणूस शाबूत असला तरी आतून विझत जातो.

प्रत्येक विभागात कौशल्यांचा तक्ता लावा. आडव्या ओळीत कामं, उभ्या रांगेत नावं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवतो, अशी एकेक पाकळी भरायची. या तक्त्यातून दोन गोष्टी लगेच दिसतात. एखादं काम एकालाच येतं, म्हणजे तो आजारी पडला की लाईन बंद. आणि एखाद्या माणसाच्या ओळीत दोन वर्षांत एकही पाकळी वाढलेली नाही, म्हणजे त्याला आपण विसरलो आहोत.

शिकवण्याची पद्धतही ठरलेली असू दे. 'जा, त्याच्या शेजारी उभा राहा आणि बघ' हे शिकवणं नाही. आधी शिकणाऱ्याला तयार करा आणि त्याला किती येतं ते विचारा. मग काम करून दाखवा: एकदा नुसते टप्पे, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली खुबी, तिसऱ्यांदा त्या खुबीमागचं कारण. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्यालाच समजावून सांगायला लावा. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नावानिशी सांगून. हीसुद्धा त्या युद्धकाळातल्या उपक्रमाचीच पद्धत आहे, आणि ती टिकली ती कारण सांगण्यामुळे. कारण कळलेला माणूस घाईत टप्पा गाळत नाही.

शिडी लिहून काढा. हेल्पर, ऑपरेटर, अनेक मशीन चालवणारा ऑपरेटर, मशीन जुळवून देणारा सेटर, प्रशिक्षक. प्रत्येक पायरीला काय यायला हवं आणि पगार किती वाढतो, दोन्ही एकाच कागदावर. ज्या कौशल्याला पैसे जोडलेले नाहीत ते शिकायला सांगणं म्हणजे फुकट जादा काम सांगणं, आणि हे कामगाराला बरोबर कळतं. शिडी दोन बाजूंनी वर जावी. काहींना माणसं सांभाळायची असतात, काहींना मशीनच कळतं. उत्तम वेल्डरला सुपरवायझर होण्यावाचून वाढ मिळत नसेल, तर आपण एक चांगला वेल्डर गमावतो आणि वर एक दुःखी सुपरवायझर मिळवतो.

चाचणी हातांची घ्या. लेखी परीक्षेत अडखळणारा माणूस मशीनचा आवाज ऐकून बिघडलेलं बेअरिंग ओळखतो. शिकणं पगारी वेळेत व्हावं. पाळीनंतरच्या वर्गाला घरी लहान मूल असलेली बाई थांबू शकत नाही, आणि मग 'बायका शिकायला पुढे येत नाहीत' असा शेरा तिच्या नावावर चढतो. तक्त्यात स्त्रियांची नावं फक्त पॅकिंगच्या रकान्यात असतील तर शिडीची पहिली पायरीच कुणीतरी काढून ठेवली आहे.

वय झालेल्या कामगारांकडे ओझं म्हणून बघू नका. त्यांना उजेड जास्त हवा, रात्रपाळी कमी हवी, आणि शिकवण्याचं काम हवं. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी प्रत्येकासोबत एक शिकाऊ जोडून द्या, नाहीतर तीस वर्षांचं ज्ञान निरोपसमारंभाच्या दिवशी गेटबाहेर जातं.

दिलेल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माणसाच्या हातात द्या. 'मग तो दुसरीकडे जाईल' ही भीती मला अनेक मालकांनी बोलून दाखवली आहे. काही जातील. पण जिथे शिकायला मिळतं तिथे यायला लोकही तयार असतात, आणि न शिकवलेला माणूस राहिला तर त्याची किंमत रोज भंगारात आणि ब्रेकडाउनमध्ये मोजावी लागते.

पायरी ८ : काय मोजायचं

थोडंच मोजा. पहिल्या नव्वद दिवसांत सोडून जाणारे किती. कळवलेला धोका दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात. सर्वांत जास्त तास भरणाऱ्याचे तास किती. वर्षभरात किती जण शिडीची एक पायरी चढले, आणि त्यांत कंत्राटी किती, स्त्रिया किती. हे आकडे उत्पादनाच्या आकड्यांसोबत त्याच बैठकीत, त्याच पानावर वाचले जावेत. १९८७ मध्ये पॉल ओ'नील अॅल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेवर बोलले. ऐकणारे गोंधळले. पण कोणता आकडा आधी वाचायचा हे सर्वांत वरच्या माणसाने ठरवलं की खालपर्यंत कळतं.

पैसे कमी असतील तर पहिल्या तीन महिन्यांत फिरणं, बॉडी मॅप, पाळ्यांचं वेळापत्रक, निरोपाची पंधरा मिनिटं आणि कौशल्यांचा तक्ता एवढंच करा. यातलं काहीही विकत आणावं लागत नाही. पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये आवाज, उष्णता आणि उचलण्याची कामं घ्या.

वर्ष झाल्यावर त्याच विभागात, त्याच माणसांकडून बॉडी मॅप पुन्हा भरून घ्या. जुना कागद काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी टांगा, सगळ्यांना दिसतील असे. उजव्या खांद्यावरचे ठिपके विरळ झाले असतील. कदाचित काही मनगटावर सरकले असतील, कारण नवा स्टँड कुणासाठी तरी जास्त उंच झाला आहे. त्या माणसाला शोधा आणि स्टँडची उंची बदलून द्या.